आगोटीत न मावणारी कॉफी

आषाढ लागला की महाड-पोलादपूरकडच्या स्वयंपाकघरात सगळ्यात आधी मीठ हार मानतं. बरणीच्या तळाशी पाणी सुटतं, पापड हातात धरला तर मोडण्याऐवजी वाकतो, काडेपेटीवर काडी ओढली की नुसती लाल रेघ उमटते. सावित्रीचं हे खोरं डोंगरांनी वेढलेलं. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि चार महिन्यांत इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त पाऊस ओतून जातात. या पावसाला उत्तर म्हणून इथल्या घरांनी आगोटीची खरेदी नावाची एक पक्की शिस्त बसवली. मे संपायच्या आत तांदूळ, कडधान्यं, मसाला, कोकम, सुकट, बोंबील, सरपण सगळं उन्हात वाळवून, डब्यांत आणि माळ्यावर बंदोबस्तात ठेवायचं, की भाद्रपदापर्यंत बाजाराचं तोंड पाहिलं नाही तरी चालेल. या बेगमीत कॉफीलाही एक बारकीशी जागा असते. पाहुण्यासाठी, उपासासाठी, एखाद्या जागरणासाठी आणून ठेवलेली पुडी किंवा बाटली. जुलैत ती उघडावी तर आत ढेकूळ. चमच्याने टोचून ते फोडायचं, दूध-साखरेत उकळायचं, वर जायफळ किसायचं. कुणाची तक्रार नसते. एस्प्रेसो मात्र त्या ढेकळातून निघत नाही. घरी चांगला एस्प्रेसो कसा करावा, हे सांगणारे बहुतेक लोक यंत्रापासून सुरुवात करतात: पंप कोणता, बॉयलर केवढा, किंमत किती. माझं म्हणणं असं, की निदान या मुलखात तरी सुरुवात हवेपासून करावी. इथल्या घरातला एस्प्रेसो चांगला होणार की वाईट, हे यंत्राचं बटण दाबायच्या बरंच आधी ठरलेलं असतं. भाजणं आणि दळणं यांच्यात किती दिवस गेले, आणि दळणं आणि पाणी यांच्यात किती मिनिटं गेली, यावर ते ठरतं.

हे पटवायचं तर आधी एस्प्रेसो किती नाजूक गोष्ट आहे ते सांगायला हवं. साधारण १८ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी एका जाळीच्या वाटीत दाबून बसवायची, ९० ते ९६ अंश सेल्सियसचं पाणी तिच्यातून ९ बार दाबाने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे नऊपट जोराने ढकलायचं, आणि २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास दाट, तपकिरी फेसाचा रस खाली कपात पडायला हवा. चहाला इतकी कडक शिस्त कधीच लागत नाही. महामार्गावरच्या टपरीत चहा फिका झाला तर आणखी उकळतात, कडक झाला तर दूध वाढवतात. आधणाला दुरुस्तीची भरपूर सवड असते. एस्प्रेसोला ती नाही. दळण जरासं जाड झालं तर पाणी दहा-बारा सेकंदांत धावत सुटतं आणि हाती आंबट, पातळ पाणी येतं. जरासं बारीक झालं तर थेंब थेंब गळत पाऊण मिनिट लागतं आणि जीभ कडवट होते. जाड आणि बारीक यांतला हा फरक डोळ्यांना दिसतही नाही.

यंत्रांचा इतिहास पाहिला तरी हा नाजूकपणा तुलनेने नवा आहे. तुरिनच्या अँजेलो मोरियोंदोने १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं, मिलानच्या लुईजी बेझेराने १९०१ मध्ये एकेका कपाचं यंत्र आणलं. पण ही सगळी वाफेच्या जोरावर, जेमतेम दीड बारवर चालणारी. कॉफीवर तो मऊ फेस, ज्याला क्रेमा म्हणतात, आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, अकिले गाज्जियाच्या तरफेच्या यंत्रांतून. तरफ ओढून स्प्रिंग दाबायची आणि ती सुटताना पाणी ढकलणार. १९६१ च्या फाएमा ई-६१ ने हेच काम विजेच्या पंपाकडे दिलं. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात एस्प्रेसो म्हणून जे उभं, चकचकीत भांडं फुसफुसत असतं, ते यातल्या कुठल्याच पायरीवर बसत नाही. त्यातली वाफ दूध तापवते आणि फेसाळते. कॉफी आधीच कपात साखरेबरोबर घोटलेली असते, तिच्यातून दाबाने पाणी जातच नाही. थंडीतल्या लग्नात ती कॉफी बरी लागते, नाव ठेवायचं कारण नाही. पण चार पिढ्या ती प्यायली तरी दळणाविषयी ती काही शिकवणार नाही.

आता पावसाकडे येऊ. ज्या दमट वाऱ्याने महाडमधली कॉफीची पुडी बिघडते, त्याच वाऱ्यात मुद्दाम ठेवून तयार केलेली एक कॉफी जगभरचे एस्प्रेसोवाले पैसे मोजून घेतात. पोलादपूरवरून कशेडी घाटाकडे जाणारा आपला राष्ट्रीय महामार्ग ६६, जुना १७ क्रमांकाचा, तसाच दक्षिणेला गोवा, कारवार, उडुपी करत मंगळुरूला पोचतो. तिथल्या किनाऱ्यावरच्या गोदामांत जून ते सप्टेंबर हिरवी, म्हणजे न भाजलेली कॉफी जमिनीवर पाच-सहा इंचांच्या थरात पसरतात. गोदामाच्या भिंती मोकळ्या असतात, अरबी समुद्रावरचा ओला वारा आत येऊ देतात. बिया अधूनमधून फावड्याने खालीवर करतात, मग सैल पोत्यांत भरून ओळीने रचतात, पुन्हा ओततात, पुन्हा भरतात. तीन-चार महिन्यांत बी ओल पिऊन फुगते, हिरवा रंग जाऊन फिकट सोनेरी होते, आंबटपणा जवळजवळ निघून जातो. हीच मान्सून्ड मलबार. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. तिचा जन्म मात्र कुणी ठरवून झाला नाही. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबार किनाऱ्यावरची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचायला महिनोन् महिने लागत, आणि जहाजाच्या पोटातल्या ओलीने बी तशीच फुगून, पिवळी पडून उतरे. तिकडच्या गिऱ्हाइकांना त्या चवीची सवय झाली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, प्रवास आखडला आणि बी हिरवी राहून पोचू लागली. तेव्हा गिऱ्हाइकांनीच जुनी चव मागितली. मग जे काम समुद्र करत होता, ते किनाऱ्यावरच्या पावसाळी वाऱ्याकडे सोपवलं. भरदार अंग, कमी आंब आणि दाट क्रेमा यांसाठी एस्प्रेसोच्या मिश्रणांत ही कॉफी आजही घालतात. शिवाय भारतीय कॉफीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत इटली वर्षानुवर्षं आघाडीवर आहे आणि तिथल्या मिश्रणांत आपली रोबस्टा जाते. त्यामुळे एस्प्रेसो हे आपल्या मातीशी संबंध नसलेलं परकं खूळ आहे, असं कुणी म्हणालं तर त्याचं यंत्रापुरतं खरं मानावं, बियांपुरतं नाही.

तर मग एकच वारा मंगळुरूला कॉफी घडवतो आणि महाडला ती बिघडवतो, हे कसं? फरक भाजण्यात आहे. हिरवी बी घट्ट असते, तिच्यात सुवास अजून तयारच झालेला नसतो. ओल तिच्यात शिरते तेव्हा घालवण्यासारखं फारसं काही नसतं. भाजल्यावर बी ठिसूळ, सच्छिद्र होते, तिच्या आत कर्बवायू कोंडलेला असतो आणि सुवासाची सगळी संपत्ती बाहेर पडायला टपलेली असते. भाजल्यावर पहिले काही दिवस हा वायू इतका जोरात सुटतो, की एस्प्रेसो फसफसतो. म्हणून आठवडाभर, दहा दिवस बी मुरू द्यावी लागते. पुढचे तीन-चार आठवडे ती उत्तम असते. मग वायू संपत जातो, हवेतला प्राणवायू आत शिरतो, तेलं खवट होऊ लागतात. एप्रिल-मेमध्ये महाडच्या त्या डोंगरांनी कोंडलेल्या उकाड्यात हे आणखी वेगाने होतं. आणि दळल्यावर तर हिशेब आठवड्यांवरून मिनिटांवर येतो, कारण एका बीचे हजारो कण झालेले असतात आणि प्रत्येक कण हवेला उघडा असतो.

इथे एक गुंता आहे, आणि पावसाळ्यात घरी एस्प्रेसो करणारा बहुधा याच गुंत्यात अडकतो. दळलेल्या कॉफीने ओल घेतली की कण फुगतात, एकमेकांना चिकटतात, पाणी सावकाश जातं. उलट बी शिळी झाली, तिच्यातला वायू निघून गेला, की अडथळा कमी होतो आणि पाणी भराभर जातं. एक दोष वेळ वाढवतो, दुसरा कमी करतो. जुलैत महिना-दीड महिन्याची जुनी पूड वापरली तर घड्याळात कधी कधी अगदी नेमके २८ सेकंद भरतात आणि कप तरीही बेचव लागतो. मग माणूस यंत्राला बोल लावतो, महागडं यंत्र बघू लागतो. ओल आणि शिळेपण यांनी एकमेकांचा हिशेब मिटवलेला असतो, एवढंच. यावर उपाय साधा आहे: हवेला वेळच द्यायचा नाही. बी हवाबंद ठेवायची, एका कपापुरती काढायची, दळायची आणि लगेच पाणी सोडायचं. एवढं केलं तर बाहेर धो धो पाऊस असला तरी त्याचा परिणाम इतका थोडा उरतो, की दळणाचा काटा केसभर सरकवून तो सांभाळता येतो.

ओल सदैव वाईटच, असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मॅटर’ या नियतकालिकात ओरेगन विद्यापीठाचे क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दळताना बी फुटते, घासते, तिच्यावर विद्युत्भार येतो, त्याने बारीक कण गोळा होऊन गुठळ्या होतात आणि पाणी सगळ्या कॉफीतून सारखं जात नाही. दळण्याआधी बियांवर पाण्याचा अगदी थोडा शिडकावा केला तर हा भार कमी होतो आणि कॉफी अधिक दाट उतरते, असं त्यांना दिसलं. या कामात ज्वालामुखीच्या राखेत वीज कशी तयार होते याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही होते. सह्याद्रीच्या लाव्हाच्या थरांवर बसून हे वाचायला जरा गंमत वाटते. आपल्यापुरता अर्थ असा, की पौष-माघात हवा कोरडी झाली की दळण ग्राइंडरच्या तोंडाशी उडतं, चिकटतं. तेव्हा चमच्याची ओली दांडी बियांत फिरवली तरी पुरतं. आषाढ-श्रावणात ते काम हवाच थोडंफार करते. याच हेंडन यांचा २०२० चा आणखी एक अभ्यास आहे. त्यात निघालं, की फार बारीक दळण्यापेक्षा दळण जरा जाड आणि कॉफी थोडी कमी ठेवली तर एकामागून एक कप अधिक सारखे येतात. दमट हवेत बारीक दळणाच्या गुठळ्या होतात हे ध्यानात घेतलं, तर हा सल्ला महाडसाठीच दिल्यासारखा आहे.

आता पहिला मोठा आक्षेप आगोटीचाच. ज्या घराचं सगळं शहाणपण चार महिन्यांचं आधी भरून ठेवण्यात आहे, त्या घराला तुम्ही पंधरा-पंधरा दिवसांची बी आणायला सांगता? वरंध घाट पावसाळ्यात बरेचदा वाहतुकीला बंद असतो, आंबेनळीतही दरडी पडतात, कुरियर कधी पोचेल याची खात्री नाही. आक्षेप खरा आहे, आणि हिशेबाने तो आणखी धारदार होतो. दिवसाला एक कप म्हणजे १८ ग्रॅम. पाव किलो बी दोन आठवडे पुरते. नवी पुडी आली की दळण नीट बसेपर्यंत तीन-चार कप वाया जातात. म्हणजे पाव किलोतली ६०-७० ग्रॅम मोरीत. पुड्या जितक्या लहान, तितका हा नास जास्त. नासावर उत्तर म्हणजे बियांचं घर बदलू नये: एकच भाजणारा, एकच बी, एकच भाजणी, म्हणजे नव्या पुडीला दळण थोडंसंच हलवावं लागतं. दर वेळी नवीन मळ्याची, नव्या चवीची बी मागवण्याची जी हौस असते, ती शहरात रोज ताजी बी मिळणाऱ्यांनी करावी.

आगोटीशी समेट घडवण्याचे मार्गही आहेत. एक म्हणजे फ्रीजरचा. बी मुरली की १८-१८ ग्रॅमच्या घट्ट बंद डब्या किंवा पुड्या करून गोठवाव्यात. गोठलेल्या बीचं वय जवळजवळ थांबतं, आणि थंड बी दळताना कण अधिक एकसारखे निघतात, असंही प्रयोगांत आढळलं आहे. मात्र मोठा डबा गोठवून रोज उघडू नये; जुलैतल्या हवेत थंड बियांवर क्षणात दव धरतं आणि आठवड्यात सगळा डबा ओला होतो. एक डबी काढावी, लगेच दळावी. दोन-चार तास वीज गेली तरी बंद फ्रीजर तग धरतो. दुसरा मार्ग जुन्या वळणाचा, आणि मला तो जास्त आवडतो: हिरवी बी आणून ठेवायची. ती नीट वाळलेली असेल आणि डबा हवाबंद असेल, तर आगोटीत ती तांदळाच्या शेजारी खुशाल बसते. डबा उघडा राहिला तर मात्र बुरशी धरेल. मंगळुरूच्या गोदामातला वाहता वारा आणि रोजची उलथापालथ महाडच्या बंद फडताळात नसते, तेव्हा घरच्या घरी मान्सून्ड करण्याच्या भानगडीत पडू नये. दर दहा-बारा दिवसांनी दीड-दोनशे ग्रॅम बी जाड बुडाच्या कढईत भाजायची. ज्या हाताला थालीपीठाच्या भाजणीचं प्रत्येक धान्य निराळं भाजायची आणि वासावरून आच ओळखायची सवय आहे, त्या हाताला हे परकं नाही. बी पिवळी होते, मग तपकिरी, मग २०० अंशांच्या आसपास तडतडते. दुसऱ्यांदा तडतडायच्या जरा आधी उतरवली की एस्प्रेसोला बरी. धूर होतो, फोलपटं उडतात, कढईत एकसारखी भाजणी साधायला वेळ लागतो, आणि व्यावसायिक भाजणाऱ्याची बरोबरी होत नाही हेही मान्य. पण दहा दिवसांपूर्वीची ओबडधोबड भाजलेली बी तीन महिन्यांपूर्वीच्या सुबक भाजलेल्या बीला मागे टाकते, असं माझं ठाम मत आहे.

बी येणार कुठून? महाराष्ट्रात कॉफीच्या लागवडीचं नाव निघतं ते मेळघाटातल्या चिखलदऱ्याचं. महाडहून ते राज्याचं दुसरं टोक. कोकणातल्या माणसाला चिकमगळूर आणि कोडगू जवळचे. तिकडची बी मुंबई-पुण्यात मिळते आणि टपालाने इथेही येते.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि विजेचा, आणि त्याच्या मागे एक तिसरा, न बोललेला. २२ जुलै २०२१ ला महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून अनेक कुटुंबं गाडली गेली. अशा मुलखात ओट्यावरच्या कॉफीविषयी लिहिणं कुणाला चैनीचं वाटू शकतं. त्या वाटण्याला मी हसणार नाही. एवढंच म्हणेन, की पूर येणाऱ्या गावातल्या माणसाने पुराखेरीज कशातच रस घेऊ नये, ही अपेक्षा बहुतेक वेळा बाहेरून केली जाते. गावातली माणसं चिखल उपसून झाल्यावर गणपतीची आरास करतात आणि मासळी ताजी आहे का हे कल्ल्यांवरून तपासूनच घेतात. राहिला पैशाचा प्रश्न, तर तोच माझ्या म्हणण्याच्या बाजूचा आहे. ज्या घरात पावसाळ्यात वीज जाते-येते आणि पाणी वाढलं की खालच्या मजल्यावरचं सामान माळ्यावर चढवावं लागतं, तिथे पंधरा-वीस किलोचं पंपाचं यंत्र मांडणं हीच मुळात चुकीची खरेदी. हाताने दाबायची तरफेची साधी यंत्रं आता मिळतात: वर उकळतं पाणी ओतायचं, दांडा खाली दाबायचा, काही यंत्रांवर दाब दाखवणारा काटाही असतो. वीज लागते ती पाणी उकळायला, आणि तेही गॅसवर होतं. महाड समुद्रसपाटीपासून फारसं उंच नाही, त्यामुळे आधण जवळजवळ १०० अंशांचं येतं आणि धातूच्या भांड्यात पडताच हव्या त्या तापमानाच्या जवळ उतरतं. पोलादपूरहून ४० किलोमीटर चढून महाबळेश्वरला हेच करू गेलं तर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तिथे भांडं आधी तापवून घ्यावं लागेल.

यंत्रावर वाचलेला पैसा ग्राइंडरवर घालावा. इथे काटकसर करू नये, आणि स्वयंपाकघरातला मिक्सर तर मुळीच चालत नाही. त्याची पाती बी कुठे पीठ करतात, कुठे नुसती ठेचतात, आणि त्या सरमिसळीतून पाणी सोपी वाट शोधून निसटतं. दोन दातेरी चकत्यांमध्ये बी भरडणारा, बारीक पायऱ्यांनी कमीजास्त करता येणारा हातचा ग्राइंडर काही हजारांत येतो. पंपाचं बरं यंत्र त्याच्या कित्येक पट. एक ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा काटा लागेल, तो त्याहून स्वस्त. वाईट दळण चांगल्या यंत्रात घातलं तर वाईटच कॉफी येते. उलट चांगलं दळण साध्या तरफेतही पिण्याजोगा कप देतं. एस्प्रेसो विकणाऱ्या दुकानाची बाजू इथे एका बाबतीत नक्की वरचढ आहे: त्यांचं यंत्र दिवसभर तापलेलं असतं आणि बी शिळी व्हायच्या आत संपते. पण सकाळी एकदा बसवलेलं दळण दुपारी सर आली म्हणून बदलायला गर्दीत कुणाला फुरसत नसते. घरी एकच कप करायचा असतो, तो त्या घटकेच्या हवेप्रमाणे करता येतो.

पाण्याविषयी थोडं. महाडमध्ये पाण्याचा विषय काढावा आणि चवदार तळं आठवू नये असं होत नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंच्या समुदायासह तिथलं पाणी ओंजळीने प्राशन केलं, आणि तळ्यावरचा हक्काचा खटला मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडलं. पाणी कुणी प्यायचं हा प्रश्न ज्या गावाने एवढ्या मोलाने सोडवला, तिथे पाण्यात क्षार किती असावेत हा प्रश्न फारच लहान आहे, याची जाणीव ठेवून पुढचं लिहितो. कॉफीला क्षार थोडे लागतात: लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास असले तर चव खुलते. काळ्या कातळातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात ते बहुधा जास्त असतात, त्याने चव बोथट होते आणि धातूवर पांढरी पुटं चढतात. आरओचं पाणी उलट इतकं रिकामं असतं, की कॉफी कोरडी आणि आंबट लागते. दोन्ही मिसळून घ्यावीत. प्रमाण जिभेला विचारावं.

शेवटचा आक्षेप चवीचा, आणि मला तो सगळ्यांत वजनदार वाटतो. आपल्याकडे कॉफी दूध, साखर, वेलची, जायफळ घालून पितात. मग एवढा खटाटोप कशाला? इटलीतल्या घरांतही बियालेत्तीने १९३३ मध्ये आणलेलं चुलीवरचं मोका भांडंच चालतं, दीडेक बारच्या दाबाचं; ते का पुरू नये? पुरेल. ज्याला दुधाची, जायफळाची कॉफी आवडते त्याने मोका किंवा दक्षिणी फिल्टर घ्यावा आणि हा लेख विसरावा. एवढं मात्र पाहावं, की त्या कपातही ताजी दळलेली बी लगेच ओळखू येते. जायफळ आपल्या कॉफीत का शिरलं याची कारणं बरीच असतील. माझा अंदाज, डब्यात बसून निस्तेज झालेल्या पुडीला सुवास उसना देणं हे त्यातलं एक असावं. जायफळ कोकणच्या वाडीतच पिकतं, तेव्हा ते घालण्यात गैर काही नाही. त्याने झाकण्यासारखं काही उरू नये, एवढंच. आणि ज्याला बिनदुधाचा, दोन घोटांचा, जिभेवर पाच-दहा मिनिटं राहणारा रस हवा आहे, त्याला दुसरा रस्ता नाही.

त्याच्यासाठी एवढंच सांगतो. पावसाळ्यात पाव किलोच्या वर भाजलेली बी घरात आणू नका. पुडीवर भाजल्याची तारीख छापलेली नसेल तर ती दुकानातच राहू द्या, मग ती कितीही नावाजलेली असो. आणि पैसे मोजकेच असतील तर ग्राइंडर आत्ता घ्या, यंत्राचं पुढच्या दिवाळीला बघता येईल.